तिघांतला तिसरा

आबा, काल दुपारी तुमच्या त्या कॅसेटमधलं वाजवणं मी समोर बसून ऐकलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं म्हणत आले, पण ते पूर्ण खरं नाही. आता तर वेळच वेळ आहे. ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी जेवण उरकायचं, रिक्षा बोलवायची, त्यांचा हात धरून पायऱ्या चढायच्या. त्यांना आत घेतलं की पुढचे चार तास मी बाहेरच्या बाकावर. पहिले काही महिने मी पिशवीत निवडायला भाजी न्यायचे. आता तीही नेत नाही. दमले असं मी म्हणत नाही, कारण न दमलेलं माणूस कसं असतं ते मला नीट आठवत नाही.

काल बाकावर डोळा लागत होता तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. हॉस्पिटलला लागूनच एक सभागृह आहे, तिथे कसले ना कसले कार्यक्रम चालू असतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. ड्रम वाजत होता, खाली एक जाड तार घुमत होती, आणि त्यावर फुंकून वाजवायच्या तीन वाद्यांनी मिळून दोन फटके मारले. मग काहीच नाही. तार आणि ड्रम चालूच, पण ती तिघं गप्प. मग पुन्हा दोन फटके, आणि पुन्हा गप्प. आबा, मी ते फटक्यांवरून ओळखलं नाही, गप्प राहण्यावरून ओळखलं. आतल्या सिस्टरला म्हटलं, "मी जरा पाय मोकळे करून येते," आणि उठले. दारावरच्या माणसाने मला अडवलं नाही. मुलांपैकी कोणाची तरी आई असेन असं त्याला वाटलं असावं.

मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा मुंबईतली तुमची गिरणी बंद पडून तुम्ही कायमचे गावी परतला होता. ह्यांना मुंबईत नोकरी, म्हणजे नवरा गणपतीच्या सुट्टीत, चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि मे महिन्यात. बाकी वर्षभर घरात तुम्ही, आई आणि मी. मी उपकेंद्रात नर्स. घर सड्याच्या कडेला, मागे नुसता काळा कातळ आणि वारा. तुम्ही शहरातल्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि रोज सकाळी मागच्या पडवीत तासभर सराव करायचा. आई त्याला पिपाणी म्हणायच्या. "तुझ्या सासऱ्याची पिपाणी सुरू झाली, आता कोंबड्यापण खुराड्यातून बाहेर यायच्या नायत," असं त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही आतून ऐकत होता. म्हणालात, "कोंबड्यांना काय कळतंय गो त्यातलं," आणि वाजवत राहिलात. मला तेव्हा तुमचं वाजवणं आवडायचं असं मी खोटं लिहिणार नाही. मला ते घरातल्या बाकीच्या आवाजांसारखं होतं, पाटा-वरवंटा, हातपंप, आईंचा खोकला.

ती कॅसेट खाडीपलीकडच्या तुमच्या मित्राने आणली, जो बोटीवर खलाशी होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्याने ती घेतली, वर्षभर बोटीवर ऐकली आणि तुमच्या हातात ठेवून म्हणाला, "यात तुझेवाले आहेत." तोपर्यंत वरची अक्षरं घामाने आणि खाऱ्या हवेने पुसून गेली होती. वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला शेवटपर्यंत कळली नाहीत. तुम्ही त्यांना 'ते लोक' म्हणायचा आणि त्या वाजवण्याला 'ठोक्याचं'. स्वयंपाकघरात फळीवर टेपरेकॉर्डर ठेवून तुम्ही ती लावली आणि मी भाकरी थापत होते. मला त्यात गाणं असं काही सापडेना. एक माणूस मधूनच ओरडत होता, गिटार खरवडल्यासारखी वाजत होती. तुम्ही चुलीजवळ पाटावर बसून माझ्याकडे बघत होता, एखाद्या पेशंटकडे बघावं तसं.

"काय ऐकू येतंय?"

"पिपाणी," मी म्हटलं.

"किती?"

"एक."

"तिघे आहेत. पहिला सगळ्यांना ऐकू येतो. दुसरा वायच कान दिलास तर सापडेल. तिसरा शोध."

मला वाटलं, झालं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ड्युटीवरून येऊन मी कपडे बदलून चुलीपाशी बसले की तुम्ही बटण दाबायचा. दुसरा मला चार-पाच दिवसांत सापडला, तो जरा घोगरा होता, सॅक्सोफोन. तिसरा काही सापडेना. मी चिडून म्हणाले, "आबा, तो ऐकू येत नसेल तर वाजवतो कशाला?" तुम्ही म्हणालात, "तो थांबला की बाकीचे दोघं हलके होतात. चहात साखर दिसते काय तुला?" मग एका रविवारी मी ओट्यावर खाडीतल्या तिसऱ्या साफ करत होते, शिंपल्यात विळीचं टोक घालून एकेक उघडत होते, लक्ष पूर्ण त्यात. आणि एकदम तो ऐकू आला. सगळ्यांच्या खाली, जाडा, जरासा उशिरा आल्यासारखा वाटणारा पण उशिरा न आलेला. मी हात तसाच धरून म्हणाले, "हा. हा तिसरा." तुम्ही कपाळाला हात लावून हसायला लागलात. "तिसऱ्या सोलताना तिसरा गावला हिला," असं तुम्ही आईंना, शेजारच्यांना, बँडमधल्या सगळ्यांना सांगत फिरलात. त्यानंतर सगळं मिळून एक असं ऐकणं मला जमलंच नाही. आजही कुठे लग्नाची वरात गेली तर मी नकळत मोजते, किती जण आहेत आणि कोण मागे पडतोय.

त्या कॅसेटच्या कागदावर एक फोटो होता. सात-आठ काळी माणसं, चकचकीत सूट, मोठ्या कॉलरी, हातात वाद्यं उंच धरलेली. तुम्ही तो फोटो चष्मा लावून कितीतरी वेळ बघायचा. एकदा मला दाखवून म्हणालात, "कपडे बघ. आणि उभे कसे हायत ते बघ. कोणाच्या दारात उभे नायत." मग तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. गावच्या उत्सवात पुढे वाजवत जाणं हे आपल्या घराण्याकडे होतं. वाजवायचं, देवळाबाहेर थांबायचं, वरून टाकलेलं फडक्यात घ्यायचं. धर्म बदलला तेव्हा त्यांनी आणि भावकीने ते काम सोडलं, वाद्यं मोडून टाकली, गावाने वाळीत टाकलं तरी मागे वळले नाहीत. आणि त्यांचाच मुलगा मुंबईला गेला आणि पहिल्या सुट्टीत बगलेत ट्रम्पेट घेऊन आला. "आम्ही वाजवायचं सोडलं ते तू परत तोंडाला लावावंस म्हणून काय?" एवढं बोलून ते उठून गेले आणि दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत. मी तुम्हाला विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? तुम्ही म्हणालात, "काय म्हणणार? बाप चुकला नव्हता. मीपण चुकलो नव्हतो. ते दोन्ही त्याला सांगायला मला तोंड नव्हतं." त्या फोटोतल्या माणसांच्या आजोबांनाही कोणाकोणाच्या दारात उभं राहावं लागलं असेल, हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही ते त्यांच्या उभं राहण्यावरून ओळखलंत.

मग तुम्हाला ते ठोक्याचं आपल्या बँडमध्ये वाजवायचं खूळ लागलं. एक क्लॅरिनेटवाला आणि खालच्या जाड सुरासाठी एक युफोनियमवाला तयार केलात, पडवीत महिनाभर तालीम झाली. आरे-वारेच्या पुढे एका गावात लग्न होतं, टेंपोतून बँड गेला आणि त्या घरी माझी मैत्रीण दिली होती म्हणून मीही गेले होते. वरात चढाला लागली आणि तुम्ही खूण केलीत. ड्रम चालू, आणि तुम्ही तिघांनी मारलं. गप्प. परत मारलं. वरातीतली माणसं थांबून एकमेकांकडे बघायला लागली. नवरदेवाचा मामा पुढे येऊन म्हणाला, "ओ मास्तर, शिंका काय देताय? गाणं वाजवा, गाणं." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि नेहमीचं गाणं सुरू केलंत. मला वाईट वाटलं होतं. परतीच्या वाटेवर टेंपोत तुम्हीच मला म्हणालात, "शिंकाच हायत गो त्या. पण तिघांनी एका श्वासात शिंकायचं म्हणजे सोपं नाय. त्या मामाला जमेल काय?" पुढे जयंतीच्या मिरवणुकीत मात्र तेच वाजवलंत तेव्हा आपल्या वस्तीतली पोरं नाचली, आणि दरवर्षी मागून मागून वाजवायला लावू लागली.

माझी मुलगी झाली तेव्हा मी तुम्हाला सकाळचा सराव बंद करायला सांगितलं. तुम्ही बंद केला नाहीत, तिचं एक जुनं दुपटं घडी करून ट्रम्पेटच्या तोंडात कोंबलंत. आवाज लांबून, पाण्यापलीकडून आल्यासारखा यायला लागला. ती त्या आवाजात झोपायची, आणि तुम्ही थांबलात की उठायची. मी हे लिहितेय कारण पुढचं लिहायचं टाळतेय.

तुमचे वरचे दात गेले. आधी दोन हलले, मग डॉक्टरांनी सगळेच काढायला सांगितले. कवळी बसवली. ट्रम्पेट ओठ आणि दातांवरच वाजतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. फुंकलंत की कवळी सुटायची. तुम्ही पावडर लावून पाहिलीत, पातळ कापड लावून पाहिलंत, हिरडीतून रक्त आलं तर मीठ-पाण्याच्या गुळण्या करून परत बसलात. बँडमध्ये दुसरा माणूस घेतला होता. तुम्ही म्हणत होता, तीन-चार महिने द्या मला. त्याच वर्षी आईंना अर्धांगवायू झाला. मी पहाटे त्यांचं सगळं करून उपकेंद्रात जायचे, लसीकरणाचा डबा घेऊन कातळावरून वाड्यावाड्या फिरायचे, संध्याकाळी येऊन परत त्यांचं करायचे, मुलीचं करायचे. ह्यांचं पत्र यायचं, सुट्टी मिळत नाही. आणि घरात पाऊल टाकलं की पडवीतून तो आवाज, फुटलेला, घसरणारा, पुन्हा पहिल्यापासून. तो आवाज मला डोक्यात लागायचा. तुमचा मला राग येत नव्हता आबा. त्या घरात रिकामी जागा म्हणून कुठे उरली नव्हती, एवढंच.

त्या दिवशी मी चार गावं करून आले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, शेवटचा मैलभर अनवाणी चालले होते, कातळ तापलेला. मी पायरीवर बसून पाय धुवत होते. तुम्ही ट्रम्पेट घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, "वायच ऐकतेस? तुझा कान खोटं सांगत नाय. लागतंय काय ते सांग." आणि तुम्ही ते ठोक्याचं वाजवलंत. पहिल्याचं. दोन फटके, गप्प. दोन फटके, गप्प. मग त्यावरची लांब ओळ, चढत जाणारी.

ते लागत होतं, आबा. पूर्वीसारखं भरदार नव्हतं, कडेला जरा हवा होती, पण जागेवर होतं. मला स्पष्ट ऐकू आलं. तुम्ही चार महिन्यांत ते परत आणलं होतं. आणि मी पायावर पाणी ओतत म्हणाले, "नाही लागत. आता बस करा."

 तुम्ही रुमालाने ट्रम्पेटचं तोंड पुसलंत, आतला ओलावा झटकलात. म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. दुसरा कोणी नसता बोलला." आणि आत जाऊन तुम्ही माझ्यासाठी चहा ठेवलात. त्याच आठवड्यात ट्रम्पेट बँडमधल्या नव्या माणसाला देऊन आलात. पुढे चार वर्षं जगलात, आईंची उठबस करण्यात मला हातभार लावलात, मुलीला शाळेत पोचवलंत आणलंत, पण त्याविषयी एक शब्द काढला नाहीत. कॅसेटसुद्धा स्वतः लावली नाहीत. मी लावली तर ऐकायचा. घरी शांत झालं होतं. ती शांतता मला आवडली, हेही लिहून ठेवते. मला वाटलं होतं, पुढे कधीतरी सवड झाली की सांगेन, तेव्हा मी दमले होते म्हणून तसं बोलले. तशी सवड होईपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

काल त्या सभागृहात मी मागच्या खुर्चीवर बसले होते. आठ मुलं होती, मुंबईहून आलेली, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी करत होती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, आणि लांब सरकणाऱ्या नळीचं ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन एका मुलीकडे होतं, पंचविशीची असेल, केस बारीक कापलेले. म्हणजे तिसरा तिच्याकडे होता. मध्ये थांबले तेव्हा ती पाणी प्यायला माझ्याकडच्या बाजूला आली आणि हसून म्हणाली, "काकू, आवाजाचा त्रास होतोय का? पलीकडे हॉस्पिटल आहे ना."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही हे कोणाचं वाजवता?"

तिने नाव सांगितलं. इंग्रजी नाव, मला नीट कळलं नाही, आणि कळलं असतं तरी ते आपल्या कॅसेटवरचंच होतं की नाही हे कोण सांगणार. "याला फंक म्हणतात," ती म्हणाली. "खूप जुनं आहे. माझी आईसुद्धा लहान होती तेव्हाचं."

"मग तुम्ही तरुण मुलं का वाजवता?"

 तिला तो प्रश्न अनेकांनी विचारला असावा, पण उत्तर तिने मला नव्याने शोधून दिलं. "हे आता कीबोर्डवरसुद्धा वाजवतात लोक. बटण दाबलं की तिघांचा आवाज. पण काकू, बटण कधी दमत नाही. आम्हा तिघांना बरोबर श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास संपला की थांबावं लागतं. ऐकणाऱ्याला ते आतून कळतं. त्याच्याही छातीत तसंच होतं. म्हणून ते जुनं होत नसावं." मग तिने मला विचारलं, "तुम्ही ऐकता हे?"

"माझे सासरे वाजवायचे," मी म्हटलं. "लग्नाच्या बँडमध्ये."

"फंक? रत्नागिरीत?" तिचा विश्वास बसेना. तिने बाकीच्या दोघांना हाक मारली, ते आले, आणि त्यांनी मला बरंच विचारलं. कोणतं वाद्य, कुठे शिकले, त्या कॅसेटचं काय झालं. मी सांगितलं की फीत ताणून ताणून शेवटी तुटली, तुम्ही ती दोनदा चिकटवली होती. ट्रम्पेटवाला मुलगा म्हणाला, "मग वाजवायचं बंद कधी केलं त्यांनी?" मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, माझं माणूस पलीकडे हॉस्पिटलात आहे, मला जायला हवं. त्यांनी संध्याकाळी यायचा आग्रह केला. हो म्हटलं, आणि गेले नाही. संध्याकाळी ह्यांना घेऊन कुठे जाणार.

मी परतले तेव्हा ह्यांच्या सुया काढत होते. ते पांढरेफटक दिसत होते, नेहमीसारखेच. पाणी मोजून द्यावं लागतं म्हणून मी त्यांच्या तोंडात बर्फाचा खडा ठेवला. तो चघळत ते म्हणाले, "कुठं गेलेलीस? पलीकडे काहीतरी वाजत होतं. बाबांच्या कॅसेटसारखं." मला वाटलं नव्हतं त्यांना ते आठवत असेल. ते तर सुट्टीतच काय ते ऐकायचे.

"तेच ऐकायला गेले होते," मी म्हटलं.

 ते म्हणाले, "बाबांना आवडलं असतं. कवळी बसली आणि सुटलं त्यांचं. नाहीतर शेवटपर्यंत वाजवलं असतं त्यांनी."

मी त्यांच्या हातावरची पट्टी दाबून धरली होती. रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं तशी धरावी लागते. मी म्हटलं, "हो."

आज ते झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिलं. लिहायला घेतलं तेव्हा शेवटी असं लिहायचं मनात होतं, की तुम्हाला सांगून झालं, आता उद्या त्यांना सांगते. त्यांना कळायला हवं, तुम्ही त्यांचे बाप. पण परवा पुन्हा रिक्षा, पुन्हा पायऱ्या, आणि तो माणूस त्या चार तासांसाठी माझ्याच भरवशावर आत जातो. आबा, मी नाही सांगणार त्यांना. तेवढा दम माझ्यात उरलेला नाही.